स्टिअरिंग डॅम्परच्या आधी किंगपिन बघा

सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर, नेवासा तालुक्यातल्या या साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की उसाच्या ट्रकांना उसंत नसते. खड्ड्यांत पुढची चाके थरथरू लागली, की दारातच डॅम्पर बसवायचा विचार येतो. डॅम्पर म्हणजे तेल भरलेली नळी. एक टोक अ‍ॅक्सलला किंवा चासीला, दुसरे टायरॉडला. आतले तेल बारीक छिद्रांतून सरकते आणि चाकाचा झटका मंदावतो. पण किंगपिन, टायरॉड एंड किंवा बेरिंग झिजले असेल, तर डॅम्पर तो दोष फक्त झाकतो. भरल्या गाडीत हे फार धोक्याचे. म्हणून मागच्या चाकांना गुटके द्या, पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवा आणि चाक हलवून ढिलाई तपासा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत. आरटीओत आधीच विचारा. बसवताना अ‍ॅक्सलला भोक नको, वेल्डिंग तर नाहीच, क्लॅम्प वापरा. चाके सरळ असताना डॅम्परचा दांडा मध्यावर हवा. दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा: तो शेवटाला टेकला, तर गाडी वळणावरच अडेल. ब्रेकच्या नळीलाही घासता कामा नये. पहिल्या खेपेनंतर सगळे नट पुन्हा आवळा.