पीडीएस आणि पीडीएसई : शिवलेली वही की सुट्या पानांची फाईल?



आपल्या ओळखीतली काही मुलं आयटी कंपनीत ‘मेनफ्रेम’वर काम करतात. मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या यांचे प्रचंड व्यवहार सांभाळणारा मोठा संगणक. हे काम शिकताना ‘पीडीएस आणि पीडीएसई यांत फरक काय?’ हा प्रश्न येतोच. मुलं फरकाचा तक्ता पाठ करतात, पण ‘असं का?’ विचारलं की अडतात. चला तर मग, वहीच्या उदाहरणाने समजून घेऊया.

दोघांत सारखं काय?

दोन्ही म्हणजे एक प्रकारचं ग्रंथालयच. एका डेटा सेटमध्ये अनेक ‘मेंबर’ असतात आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त ८ अक्षरांचं नाव असतं. कोणता मेंबर कुठे आहे हे ‘डिरेक्टरी’ सांगते, म्हणजे आपली अनुक्रमणिका.

पीडीएस : शिवलेली वही

आयबीएमच्या १९६० च्या दशकातील ओएस/३६० पासून पीडीएस वापरात आहे. शिवलेल्या वहीत आपण अनुक्रमणिकेसाठी पहिली पानं राखून ठेवतो ना, तसंच इथे. डिरेक्टरीसाठी २५६ बाइटचे किती ब्लॉक हवेत, ते आधीच ठरवावं लागतं. ते भरले की पुढे जागा असूनही नवा मेंबर घेता येत नाही आणि काम ‘बी१४’ या चुकीने थांबतं.

दुसरी गंमत बघा. मेंबर दुरुस्त करून सेव्ह केला की तो जुन्या जागी नाही, तर शेवटच्या कोऱ्या पानावर नव्याने लिहिला जातो. अनुक्रमणिकेत फक्त पान क्रमांक बदलतो. जुनं पान तसंच अडून राहतं. मेंबर पुसला तरी तेच! त्यामुळे मधूनमधून ‘कॉम्प्रेस’ करून जागा मोकळी करावी लागते. त्यासाठी आयईबीकॉपी नावाचं साधन आहे. हे काम मध्येच बंद पडलं तर ग्रंथालय बिघडू शकतं, म्हणून आधी प्रत काढून ठेवायची.

पीडीएसई : सुट्या पानांची फाईल

यात ई म्हणजे एक्स्टेंडेड, विस्तारित. पंच केलेल्या फाईलमधून नको ते पान काढून तिथे दुसरं लावता येतं. पीडीएसईमध्ये ४०९६ बाइटची पानं असतात. रिकामं झालेलं पान सिस्टीम स्वतःच पुन्हा वापरते, म्हणून कॉम्प्रेसची गरज नाही. डिरेक्टरीही लागेल तशी वाढते.

परीक्षेत पुरवणी जोडतो तशी जागा वाढवायची, तर पीडीएसला जास्तीत जास्त १६ तुकडे मिळतात, पीडीएसईला १२३. शिवाय वेगवेगळ्या मेंबरमध्ये एकाच वेळी अनेक जॉबना लिहिता येतं. पीडीएसमध्ये असं लिहिताना सगळं ग्रंथालय एकासाठी अडवून ठेवावं लागतं.

मग पीडीएस बंद का नाही?

कारण मेनफ्रेम सुरू होतानाच काही ग्रंथालयं वाचावी लागतात आणि पीडीएसई सांभाळणारी यंत्रणा तेव्हा जागी झालेली नसते. म्हणून एसवायएस१.न्यूक्लियससारखं मूळ ग्रंथालय पीडीएसच असावं लागतं. उलट, एंटरप्राइझ कोबोलच्या ५ व्या आवृत्तीपासून तयार झालेले प्रोग्रॅम पीडीएसईमध्येच ठेवावे लागतात. म्हणजे दोन्ही यायलाच हवेत, बरं का!

लक्षात ठेवा

पीडीएसमध्ये आवराआवर माणसाने करायची, पीडीएसईमध्ये ती सिस्टीम करते. तक्त्यातले बहुतेक फरक या एका वाक्यातून निघतात. जागा संपल्यामुळे रात्रीचा जॉब थांबला, तर ज्याला हे कारण माहीत आहे त्याला नेमकं कुठे बघायचं ते कळतं. नुसता तक्ता पाठ करणारा मात्र चाचपडत राहतो.

मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : ‘वही अर्धी रिकामी दिसते, तरी लिहायला जागा का नाही?’ उत्तर त्यांनाच शोधू द्या.