डिलीट केलं, पण गेलं कुठं?

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर काय वातावरण असतं ते सांगायला नको. कुणी जर्नल उतरवतोय, कुणी प्रिंटर शोधतोय, कुणी नुसताच चहा पितोय. नेमका तेव्हाच माझा १६ जीबीचा पेन ड्राईव्ह म्हणाला, जागा नाही!

आता गंमत बघा. दुपारीच मी लॅबमधल्या कॉम्प्युटरवर बसून त्यातले सगळे पिक्चर उडवले होते. रात्री रूमवर लॅपटॉपला लावला तर आत दिसतोय फक्त प्रोजेक्टचा फोल्डर, जेमतेम ३ जीबी. मग बाकीची जागा कोण खातंय? (थोडी तफावत हिशेबाची असते. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटींहून जास्त धरतं, म्हणून १६ चे तिथे १४.९ दिसतात. पण माझे १२-१३ जीबी गायब होते.) लॅबमध्ये उबंटू, लॅपटॉपवरही उबंटू. कचरापेटी उघडली, तर रिकामी.

रूम पार्टनरने निकाल दिला, "व्हायरस असणार. फॉरमॅट मार." म्हटलं ठीक. प्रोजेक्ट लॅपटॉपवर कॉपी करून घेतला आणि सहज उघडून पाहिला, तर तीन महिन्यांच्या रीडिंग्जची शीटच नाही! दुपारच्या घाईत पिक्चरबरोबर तीही उडवली होती. दुसरी कॉपी? अर्थातच नव्हती.

शेजारच्या रूममधल्या एम.टेक.च्या दादाला उठवलं. डोळे चोळत तो म्हणाला, "फॉरमॅट केलंस का? नाही ना? मग कंट्रोल आणि एच दाब." दाबल्याबरोबर एक पुसट फोल्डर उगवला. नाव टिंबापासून सुरू होणारं, 'ट्रॅश' आणि पुढे १०४२. आत 'फाइल्स' नावाचा फोल्डर, आणि त्यात माझे सगळे पिक्चर. आणि शीट!

कारण अगदी साधं आहे. उबंटूत नुसतं डिलीट दाबलं की फाइल पुसली जात नाही, कचरापेटीत सरकवली जाते. पेन ड्राईव्हवरची फाइल कॉम्प्युटरच्या पेटीत टाकायची तर ती आख्खी कॉपी करावी लागेल, म्हणून पेटी पेन ड्राईव्हवरच तयार होते. जागा सुटणार कशी? शेवटचा आकडा वापरणाऱ्याचा नंबर. लॅबमध्ये माझ्या अकाउंटचा १०४२, लॅपटॉपवर १०००, कारण उबंटू पहिल्या वापरकर्त्याला तोच देतं. लॅपटॉप फक्त १००० ची पेटी बघतो, म्हणून त्याच्या लेखी कचरा नाहीच! शेजारच्या 'इन्फो' फोल्डरमध्ये फाइल मूळ कुठे होती, कधी उडवली, तेही लिहिलेलं असतं. माझी शीट दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी गेली होती.

तर आधी त्या पेटीत डोकावा, हवं ते बाहेर काढा, मग तो फोल्डर शिफ्ट धरून डिलीट करा. शिफ्ट विसरलात तर तो तुमच्या नव्या पेटीत जाऊन बसेल आणि जागा तेवढीच राहील. लॅबमध्ये उठण्याआधी पेटी रिकामी केली तर हा व्याप होतच नाही. मॅकवर तोच प्रकार, तिथल्या लपलेल्या फोल्डरच्या नावात 'ट्रॅशेस' असतं. पेन ड्राईव्ह लावलेला असतानाच पेटी रिकामी करायची. विंडोजचं उलट आहे. तिथे साध्या पेन ड्राईव्हवरची फाइल पेटीत न जाता थेट उडते, त्यामुळे जागा लगेच मिळते, पण चुकून उडवलेली शीट अशी सहज सापडत नाही.

आणि हो, उबंटूची ती पेटी विंडोजवर बऱ्याचदा उघड दिसते. मी त्याच आठवड्यात तोच पेन ड्राईव्ह झेरॉक्सच्या दुकानात देणार होतो. कोणकोणते पिक्चर होते ते मात्र विचारू नका.