उन्हातली फवारणी आणि मजुराचं अंग

2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. पुढची चर्चा मात्र हातमोजे, चष्मा आणि मास्कच्या किटपाशीच अडली. संरक्षक कपड्यांची तरतूद कीटकनाशकांच्या 1971च्या नियमांत आधीपासूनच आहे. तरी ते अंगावर का दिसत नाहीत? ‘मजुरांनाच काळजी नसते,’ हे उत्तर सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. अंगभर बंदिस्त पोशाख घालून भरलेला पंप पाठीवर घेतला की घाम वाळत नाही, शरीर आतून तापत जातं. पोशाख उतरवला तर घामेजलेल्या, तापलेल्या कातडीतून औषध अधिक सहज आत शिरतं. उष्माघात टाळायला जावं तर विषबाधा, आणि विषबाधा टाळायला जावं तर उष्माघात. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणंही दोन्हींत सारखीच, त्यामुळे ‘ऊन लागलं’ म्हणून विषबाधा अंगावर काढली जाते.

म्हणून उपाय किटच्या आधी सुरू व्हायला हवा: फवारणीच्या वेळेपासून आणि औषधाच्या निवडीपासून. कृषी आयुक्तालय पुण्यात आहे, आणि भारतीय हवामान विभागाची कृषी हवामान शाखा 1932पासून इथेच, शिवाजीनगरात काम करते. वारा आणि पाऊस पाहून फवारणी कधी करावी, हा सल्ला शेतकऱ्यापर्यंत पोचतोच. त्यात मजुराच्या अंगाचाही हिशेब धरून, ऊन चढल्यावर पंप खाली ठेवायची वेळ तालुक्यागणिक सांगता येईल. यावर आक्षेप येईल की छोट्या शेतकऱ्याला हे परवडायचं नाही, काम रखडेल. पण सकाळी वारा कमी असतो, औषध उडून वाया जाणंही कमी होतं. खरी अडचण आहे ती पंपांच्या संख्येवर मजुरी ठरते तिथे. घाई तिथूनच येते. फवारणीला दिवसाचा रोज द्यावा, हे मला अटळ वाटतं.

जहाल औषधं बंद केली तर पीक हातचं जाईल, ही भीतीही खरी वाटते. श्रीलंकेचा अनुभव वेगळा आहे. तिथे 1995मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस बंद झाली, 1998मध्ये एंडोसल्फान. त्यामुळे भाताचं उत्पादन घटल्याचं दिसलं नाही, विषप्राशनाने होणारे मृत्यू मात्र कमी झाले. भारतात मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणावर 2023मध्ये बंदी आली. यवतमाळच्या मृत्यूंनंतर सहा वर्षांनी.

आणि फवारणी बांधावर संपत नाही. ओले कपडे घरी जातात, तिथली बाई ते उघड्या हातांनी, बहुधा लेकरांच्या कपड्यांसोबतच धुते. रिकाम्या डब्यात कधी पाणीही साठवलं जातं. बांधावर पाणी आणि साबण, कपडे बदलायला आडोसा, रिकामे डबे परत घेणारा दुकानदार, एवढ्याने घरात येणारं विष बरंच थांबेल. यातलं पाणी आणि आडोसा ज्याच्या शेतात फवारणी चालू आहे त्याने द्यावा, आणि डबे परत घेण्याची अट दुकानदाराच्या परवान्यातच घालावी.