ढाबळीतील कबुतरांना कावळ्यांचा उपद्रव

कबुतरे पाळण्यासाठी घराच्या गच्चीवर, अंगणात किंवा परसात फळ्या, पत्रे व जाळी यांचे जे घर बांधतात, त्याला ढाबळ म्हणतात. ढाबळीतील अंडी व पिले कावळे पळवतात, आजारी व जखमी कबुतरांवर हल्ला करतात, दाणापाणी नासतात आणि क्वचित रोगांच्या शिरकावासही कारणीभूत होतात. पूर्ण वाढलेल्या निरोगी कबुतराला मात्र कावळ्यापासून सहसा भय नसते. हा उपद्रव कावळ्याच्या बळापेक्षा ढाबळीच्या रचनेतील उणिवांवर आणि पाळणाऱ्याच्या दिनक्रमावर अधिक अवलंबून असतो. त्यामुळे कावळे मारण्यापेक्षा ढाबळ सुधारणे हाच त्याच्या बंदोबस्ताचा खरा मार्ग ठरतो. मोकळ्या पारव्यांना दाणे टाकण्याच्या सार्वजनिक जागांचा, म्हणजे कबुतरखान्यांचा, विचार येथे केलेला नाही.

पार्श्वभूमी : पाळीव कबुतरांच्या सर्व प्रकारांचा पूर्वज पारवा (कोलंबा लिव्हिया) हा होय. रानटी अवस्थेत तो कडेकपारी, गुहा, पडक्या इमारती व जुन्या विहिरींचे कोनाडे अशा ठिकाणी घरटे करतो. त्याचे घरटे म्हणजे थोड्या काटक्यांची विरळ बैठक असते आणि अंडी पांढरीशुभ्र असतात. उघड्यावर अंडी घालणाऱ्या टिटवीसारख्या पक्ष्यांच्या अंड्यांवर ठिपके असतात व त्यामुळे ती भोवतालच्या जमिनीत मिसळून जातात. पारव्याच्या अंड्यांना असे संरक्षण नाही. परंतु कपारीच्या अंधारात त्यांचा पांढरा रंग धोक्याचा ठरत नाही. पाळीव कबुतरांनी पूर्वजांच्या या सवयी जशाच्या तशा राखल्या आहेत. ढाबळ म्हणजे माणसाने बांधलेली कपारच होय. तिच्यात भरपूर उजेड असेल व घरट्याचे खण समोरून सताड उघडे असतील, तर पांढरी अंडी दुरूनही दिसतात आणि कपारीने दिलेले संरक्षण नाहीसे होते.

जुन्या काळच्या कबुतरघरांत ही गोष्ट ध्यानात घेतलेली दिसते. इराणमध्ये इस्फाहानच्या परिसरात खतासाठी विष्ठा मिळावी म्हणून कबुतरांचे मोठे बुरूज बांधीत. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी झां शार्दं याने इस्फाहानभोवती असे तीन हजारांहून अधिक बुरूज असल्याचे नमूद केले आहे. या बुरुजांच्या आतील भिंतींत असंख्य कोनाडे असत. मात्र बाहेरून प्रवेशासाठी माथ्याकडे केवळ लहान भोके ठेवलेली असत, त्यामुळे मोठे शिकारी पक्षी आत येऊ शकत नसत. भारतात अकबराच्या दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती, असे अबुल फज्लने आईन-इ-अकबरी मध्ये लिहिले आहे. अकबराने कबुतरे उडविण्याच्या या छंदाला इश्कबाजी असे नाव दिले होते.

हानीचे महत्त्व : अंडे किंवा पिलू गमावणे ही वरवर पाहता लहान हानी वाटते, कारण घरटे लुटले गेले, तरी जोडी थोड्याच दिवसांत पुन्हा अंडी घालते. तथापि वारंवार अंडी घालावी लागल्याने मादी क्षीण होते आणि सतत त्रास होत राहिल्यास जोडी ती जागाच सोडून देते. निरोप्या कबुतरांच्या बाबतीत हानी अधिक गंभीर असते. हे कबूतर ज्या ढाबळीत वाढले व जेथून प्रथम उडाले, तेथेच ते परत येते. विकत आणलेले प्रौढ कबूतर मोकळे सोडताच बहुधा जुन्या ढाबळीकडे निघून जाते. त्यामुळे नव्या उडणाऱ्या पक्ष्यांची भर मुख्यतः स्वतःच्या ढाबळीत जन्मलेल्या पिलांतूनच घालावी लागते. ओडिशा पोलीस दलाने १९४६ मध्ये सैन्याकडून मिळालेल्या कबुतरांच्या साहाय्याने आपली टपाल सेवा सुरू केली होती. अशा सेवेतही पक्ष्यांची परंपरा ढाबळीतील पैदाशीवरच टिकून असते. एका मोसमातील पिले गेली, म्हणजे पुढील वर्षीच्या उड्डाणाची एक पिढीच गेली.

उपद्रवी जाती : भारतात या संदर्भात दोन जाती महत्त्वाच्या आहेत. गावकावळा (कॉर्व्हस स्प्लेंडेन्स) सु. ४० सेंमी. लांब असून त्याची मान राखाडी असते. तो मनुष्यवस्तीला चिकटून राहतो आणि ढाबळींना होणारा बहुतेक उपद्रव त्याचाच असतो. डोमकावळा आकाराने मोठा, संपूर्ण काळा व जाड चोचीचा असतो. त्याला पूर्वी कॉर्व्हस मॅक्रोऱ्हिंकॉस या जातीत गणीत. द्वीपकल्पीय भारतातील डोमकावळ्याला आता पुष्कळ तज्ज्ञ कॉर्व्हस क्युल्मिनेटस या स्वतंत्र जातीत घालतात. तो रानाच्या कडेला, खेड्यांत व झाडी असलेल्या उपनगरांत आढळतो. संख्येने कमी असला, तरी त्याची चोच भक्कम असल्यामुळे मोठ्या पिलांना त्याच्यापासून अधिक धोका असतो.

दोन्ही जाती सर्वभक्षी आहेत. खरकटे, मेलेली जनावरे, कीटक, फळे, धान्य, उंदीर, सरडे तसेच इतर पक्ष्यांची अंडी व पिले असे जे मिळेल ते त्या खातात. गावकावळ्याची वीण देशाच्या बऱ्याच भागांत एप्रिल ते जुलै या काळात होते. पिलांना प्राणिज अन्न लागत असल्यामुळे या दिवसांत कावळे घरटी धुंडाळण्यात विशेष तत्पर असतात. कबुतरांची वीण मात्र जवळजवळ वर्षभर चालते. त्यामुळे कावळ्यांच्या गरजेच्या नेमक्या दिवसांत ढाबळीत अंडी व पिले हाताशी असतात.

हल्ल्याची पद्धत व धोक्याचा काळ : कावळा प्रथम कठड्यावर किंवा जवळच्या झाडावर बसून टेहळणी करतो. माणूस केव्हा येतो, दार केव्हा उघडे राहते व पक्षी केव्हा उडविले जातात, हे तो थोड्याच दिवसांत हेरतो. एकदा अंडे मिळाले, की तो त्याच जागी पुन्हा पुन्हा येतो आणि त्याला पाहून दुसरेही येतात. कधी एक कावळा अंड्यांवर बसलेल्या कबुतराला डिवचून उठवितो व दुसरा अंडे उचलतो.

कबुतराच्या वीणचक्रात तीन वेळा विशेष धोक्याच्या असतात. मादी बहुधा दोन अंडी घालते व दुसरे अंडे पहिल्यानंतर सु. ४० ते ४४ तासांनी येते. या मधल्या काळात जोडी पहिल्या अंड्यावर नेटाने बसत नाही. ही पहिली वेळ होय. त्यानंतर सु. १७-१८ दिवस उबवण चालते. दिवसाच्या मधल्या प्रहरी नर व उरलेल्या वेळी मादी बसते. पाळी बदलताना अंडी क्षणभर उघडी पडतात, तसेच बसलेला पक्षी इतरांबरोबर उडविला गेला तर ती अधिक वेळ उघडी राहतात. ही दुसरी वेळ. पिले बाहेर आल्यावर पहिला आठवडाभर आईबाप त्यांना सतत पंखांखाली घेतात व अन्नपुटात तयार होणारे कपोतदुग्ध पाजतात. पुढे पिलांची भूक वाढते व दिवसा त्यांना एकटे सोडून आईबाप दाण्यासाठी बाहेर पडतात. पिले साधारण चार ते पाच आठवड्यांची होईपर्यंत त्यांना उडता येत नाही. दुसऱ्या आठवड्यापासूनचा हा काळ तिसरी आणि सर्वांत धोक्याची वेळ होय.

प्रौढांपैकी थकून छपरावर उतरलेली, पावसात भिजलेली, पंख दुखावलेली व नुकती उडू लागलेली कबुतरे कावळ्यांच्या टोळीला बळी पडू शकतात. लक्का, लोटन इ. शोभेच्या प्रकारांना चपळ उड्डाण साधत नसल्यामुळे ती उघड्यावर सोडणे धोक्याचे असते.

हानीची ओळख : प्रत्येक नाहीशा झालेल्या अंड्याचा दोष कावळ्यावर येतो; पण तो नेहमीच खरा नसतो. कावळा दिवसा येतो, अंडे उचलून नेतो किंवा जागीच भोक पाडून आतील द्रव्य खातो. फुटकी कवचे ढाबळीजवळ किंवा गच्चीवर पडलेली सापडतात. उंदीर व घुशी रात्री येतात. कुरतडलेल्या फळ्या आणि लेंड्या ही त्यांची खूण होय. साप अंडी व लहान पिले सबंध गिळतो, त्यामुळे मागे काहीच उरत नाही. मांजर प्रौढ पक्षीही धरते व पिसे विखुरलेली टाकते. उडत्या कबुतरावर झडप घालणारा पक्षी कावळा नसून बहुधा ससाणा किंवा शिक्रा असतो. कारणाची खात्री न करता केलेला उपाय वाया जातो, उदा., कावळ्याला अडविणाऱ्या मोठ्या छिद्रांच्या जाळीतून उंदराची पिले व लहान साप सहज आत येतात.

रोगप्रसार : कावळे उकिरडे व मृत जनावरे यांवर वावरतात आणि त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू उघड्या पाण्यात व दाण्यात मिसळू शकतात. बर्ड फ्लूच्या साथीत कावळे मोठ्या संख्येने मरतात. डिसेंबर २०२० अखेरपासून राजस्थान व मध्य प्रदेशात आणि जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे असे मृत्यू या रोगाने झाल्याचे निष्पन्न झाले होते. या रोगाला कबुतरे कोंबड्यांच्या मानाने कमी बळी पडतात. तरीही ढाबळीजवळ कावळे मेलेले आढळल्यास त्यांना उघड्या हाताने न शिवता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळविणे इष्ट असते.

प्रतिबंध : सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे ढाबळीला कपारीचे गुण पुन्हा देणे. घरट्याचे खण मागच्या, कमी उजेडाच्या भिंतीला लावतात व त्यांचा दर्शनी भाग अर्धा फळीने झाकतात. हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेल्या मोकळ्या भागांना सु. २.५ सेंमी. छिद्रांची मजबूत जाळी पुरते. उंदरांचाही बंदोबस्त करावयाचा असल्यास १.२५ सेंमी. छिद्रांची जाळी लावतात. कावळा जाळीतून चोच आत घालतो, म्हणून बसण्याच्या दांड्या व खण जाळीपासून निदान वीतभर दूर असावे लागतात. छपराची जाळी विसरणे ही नेहमी आढळणारी चूक होय.

प्रवेशद्वारासाठी वरून टांगलेल्या व केवळ आतल्या बाजूस ढकलल्या जाणाऱ्या तारांची योजना करतात. कबूतर तारा लोटून आत शिरते. कावळा अपरिचित व परत निघण्याची वाट न दिसणाऱ्या जागेत शिरण्यास कचरतो. उड्डाणाच्या वेळी अंडी-पिले असलेल्या जोड्या वेगळ्या कप्प्यात बंद ठेवतात. पहिले अंडे काढून त्याच्या जागी खोटे अंडे ठेवावयाचे व दुसरे आल्यावर खरे परत ठेवावयाचे, अशी रीत जाणकार पाळणाऱ्यांत आहे. तिने दोन्ही पिले एकाच वेळी निघतात आणि पहिले अंडेही सुरक्षित राहते. दाणा मोजून ढाबळीच्या आत द्यावा, उरलेला उचलावा व पाणी झाकावे. पितृपक्षात किंवा एरवीही कावळ्यांसाठी घास ठेवावयाचा असल्यास त्याची जागा ढाबळीपासून दूर असणे हिताचे. कारण जेथे घास मिळतो तेथे कावळा रोज येतो व आजूबाजूचे सर्व पाहून ठेवतो.

बुजगावणी, चमकत्या पट्ट्या व फटाके यांचा परिणाम काही दिवसच टिकतो. कावळ्यांना पकडणे किंवा त्रास देणे तर उलटही ठरू शकते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात २००६ पासून अमेरिकन कावळ्यांवर झालेल्या प्रयोगांत, त्यांना पकडणाऱ्यांनी घातलेला मुखवटा ते कित्येक वर्षे ओळखतात व त्याच्याविरुद्ध गिल्ला करतात, असे दिसून आले. विषप्रयोगाने कबुतरे, घारी, कुत्री व मुले यांनाही धोका पोहोचतो.

कावळे मारून प्रश्न सुटत नाही, हे मोठ्या प्रमाणावरही अनुभवास आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावकावळा झांझिबारमध्ये नेण्यात आला व तेथील स्थानिक पक्ष्यांच्या अंड्यापिलांना तो घातक ठरला. तेथे १९९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात त्याच्या निर्मूलनाची मोहीम झाली; ती थांबताच त्याची संख्या पुन्हा वाढली. उघडा कचरा हा त्याच्या भरभराटीचा मूळ आधार जोपर्यंत असतो, तोपर्यंत मारलेल्या कावळ्यांची जागा दुसरे घेतात. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत कावळा उपद्रवी प्राणी म्हणून समाविष्ट होता. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची वगळण्यात आली व ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. त्यामुळे कावळे मारण्याची पूर्वीची मोकळीक गृहीत धरता येत नाही.

कावळ्यापासून ढाबळीला एक लाभही होतो. ससाणा किंवा शिक्रा दिसताच कावळे एकत्र जमून कलकलाट करतात आणि त्याचा पाठलाग करतात. हा कलकलाट ऐकून अनुभवी कबूतरबाज पक्षी उडविण्याचे थांबवितात किंवा दाण्याचा डबा वाजवून उडालेली कबुतरे खाली बोलावतात. बंदिस्त ढाबळीबाहेर वावरणारा कावळा अशा रीतीने राखणदाराचेही काम करतो.