तरंगत्या घराची टाळेबंदी

पनामाचा कालवा ओलांडून पॅसिफिकमध्ये शिरलेल्या शिडाच्या होडीला फ्रेंच पॉलिनेशियातली मार्केसास बेटं गाठायला साधारण चार हजार सागरी मैल कापावे लागतात. वारा कसा मिळतो त्यावर महिना लागतो, कधी त्याहून जास्त. वाटेत गालापागोस सोडलं तर टेकायला जागा नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दरवर्षीसारख्याच अशा होड्या निघाल्या. बहुतेकींवर एखादं जोडपं, काहींवर लहान मुलंही. निघताना करोना ही चीन आणि इटलीकडची बातमी होती. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली तेव्हा यातल्या अनेकांच्या चहूबाजूंना नुसतं पाणी होतं. पुढे नुकू हिवा बेटावरच्या ताइओहाए उपसागरात पोचून त्यांनी रिवाजाप्रमाणे पिवळं निशाण चढवलं, आणि किनाऱ्यावरून निरोप आला: बेटांमधली ये-जा बंद आहे, होडीतच राहा. जमिनीवर यायचं ते किराण्यापुरतं, तेही परवानगीचा कागद खिशात ठेवून.

त्या पिवळ्या निशाणाचा अर्थ बऱ्याच जणांना उलटा वाटतो. आंतरराष्ट्रीय संकेतावलीत त्याचा अर्थ आहे, ‘जहाजावर सगळे निरोगी आहेत, बंदरात येऊ द्या’. रोग्याचं निशाण म्हणून त्याची जुनी ख्याती आहे खरी, पण आज ते चढवणारा स्वतःच्या तब्येतीची ग्वाही देत असतो.

वरवर पाहता ही ग्वाही पटण्यासारखी होती. विषाणूला टिकून राहायला एकामागून एक नवी माणसं लागतात. दोघांच्या होडीवर पहिल्याला निघतानाच लागण झालेली असली, तरी तो बरा होईपर्यंत दुसऱ्याला होऊन जाणार, आणि मग साखळीला पुढची कडीच उरत नाही. महिनाभर कुणाचं तोंड न पाहिलेलं जोडपं हे त्या वसंतात जगातल्या सर्वांत निर्धोक माणसांपैकी असणार. पोर्तुगालच्या पोर्तो सांतो बेटावरून एक अर्जेंटिनी दर्यावर्दी मार्चअखेरीस एकटाच निघाला. नव्वदीला टेकलेल्या वडिलांना भेटायचं होतं आणि विमानं बंद होती. वाटेत केप व्हर्देनं त्याला बंदरात घेतलं नाही. ८५ दिवसांनी तो मार दे प्लाताला पोचला, तेव्हा आधी त्याची करोना चाचणी झाली! अटलांटिकच्या मधोमध त्याला कोण भेटणार होतं, हे विचारायची सोय नियमात नव्हती.

पण त्याच अर्जेंटिनात महिन्याभरात दुसरी बातमी आली, आणि ती नियम करणाऱ्यांच्या बाजूची होती. ‘एचिझेन मारू’ या मासेमारी जहाजावरच्या ६१ जणांपैकी ५७ जणांना लागण झाली होती. जहाज ३५ दिवस समुद्रात होतं. त्याआधी खलाशी चौदा दिवस उशुआइयाच्या हॉटेलात विलगीकरणात होते आणि त्यांच्या चाचण्याही निगेटिव्ह आल्या होत्या. डॉक्टर चक्रावले. याहून जुना दाखला अंटार्क्टिकातला आहे. १९६९ मध्ये एका ब्रिटिश तळावर १२ माणसं १७ आठवडे जगापासून पूर्ण तुटलेली असताना त्यातल्या सहा जणांना सर्दीनं गाठलं. ती कुठून आली, याचा पक्का छडा लागला नाही. माणसं जितकी जास्त तितकी साखळी लांब चालते, एवढं मात्र गणित सांगतं. दोघांची होडी आणि ६१ जणांचं जहाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदरातल्या अधिकाऱ्याला दोन्ही ‘समुद्रातून आलेलं’ म्हणूनच दिसतात.

आणि पॅसिफिकच्या बेटांना समुद्रातून काय येतं ते पुरेपूर ठाऊक आहे. १८७५ मध्ये फिजीचा माजी राजा सिडनीहून जहाजानं परतला, सोबत गोवर आला. सुमारे चाळीस हजार माणसं गेली, म्हणजे लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. नोव्हेंबर १९१८ मध्ये ‘तालुने’ हे जहाज ऑकलंडहून पश्चिम सामोआत इन्फ्लुएन्झा घेऊन आलं आणि तिथली पाचांमागे एक व्यक्ती दगावली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बेटं कडेकोट बंद केली, तिथे एकही मृत्यू झाला नाही. मधे समुद्राचा शंभर किलोमीटरहूनही अरुंद पट्टा. ताहितीतही त्याच महिन्यात रोग जहाजातूनच उतरला. आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? जून १९१८ मध्ये मुंबईत तापानं रुग्णालयात दाखल झालेल्या पहिल्या सात पोलीस शिपायांमध्ये एक गोदीवर पहाऱ्याला होता. त्यामुळे बेटवासीयांनी होड्यांकडे संशयानं पाहिलं यात मला काही गैर वाटत नाही. आता गंमत अशी, की २०२० मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात सापडलेला पहिला रुग्ण पॅरिसहून विमानानं आला होता.

बंदर बंद करणं बरोबर होतं, पण ‘होडीतच राहा’ या हुकमात होडीला घर धरलं होतं. शिडाची होडी चालत राहण्यासाठी बांधलेली असते, आणि ती एका जागी महिनोन् महिने उभी राहिली की तिच्यातली एकेक व्यवस्था उलटायला लागते.

पाण्यापासून सुरुवात करू. बारा-तेरा मीटरच्या होडीच्या टाकीत चार-पाचशे लिटर गोडं पाणी मावतं. लांबच्या प्रवासाला निघणारे म्हणून समुद्राचं पाणी गोडं करणारं छोटं यंत्र बसवून घेतात. लिटरभर समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. अतिसूक्ष्म छिद्रांच्या पापुद्र्यातून ते पाणी दाबून काढायचं, म्हणजे क्षार मागे राहतात. पण क्षार पाण्याला धरून ठेवतात. ती ओढ मोडायलाच २७ बारच्या आसपास दाब लागतो आणि व्यवहारात यंत्र त्याच्या दुपटीनं चालवावं लागतं. म्हणजे चौरस सेंटिमीटरवर सुमारे ५५ किलोचा भार. हे सगळं खोल, स्वच्छ समुद्रात झकास चालतं. डझनावारी होड्या एकाच उपसागरात नांगर टाकून बसल्या की पाण्यात इंजिनाचं तेल येतं, प्रत्येकीच्या संडासाचं पाणी येतं, पाऊस पडला की ओढ्यांचा गाळ येतो. तेलाचा तवंग आत गेला तर पापुद्रा कायमचा बाद. बरं, म्हणून यंत्र बंद ठेवावं, तर काही दिवसांत आत जिवाणू वाढतात आणि नळाला कुजक्या अंड्याचा वास येतो. मग साठवलेल्या गोड्या पाण्यानं ते नियमानं धुवा, किंवा रसायन भरून झोपवून ठेवा. चहूकडे पाणी आणि ते गोडं करायचं यंत्रही हाताशी, तरी छतावर ताडपत्री ताणून पावसाचं पाणी धरायची वेळ येते.

विजेचीही तीच गत. वाऱ्यावर पळणाऱ्या होडीमागे पाण्यात फिरणारं जनित्र लावता येतं. होडी थांबली की ते बंद. उरतात सौर पॅनेल. नांगरावरची होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, त्यामुळे ऊन कुठून यावं हे आपल्या हातात राहत नाही. डोलकाठीची बोटभर सावली पॅनेलवर पडली तर नुकसान बोटभर होत नाही: पॅनेलमधले घट एकाला एक जोडलेले असतात आणि सर्वांत अंधारातला घट साऱ्या ओळीचा प्रवाह अडवतो. दुपारी सावली सरकली की फ्रिज जोमानं चालतो, चारनंतर पुन्हा कुरकुर.

खरी लढाई पाण्याखाली चाललेली असते. स्वच्छ तळ पाण्यात गेला की काही तासांत त्यावर सेंद्रिय द्रव्याचा थर बसतो, त्यावर जिवाणू, मग डायटम नावाचं एकपेशीय शेवाळ. मागोमाग येतात बार्नॅकलच्या अळ्या. बार्नॅकल शिंपल्यासारखा दिसतो, पण आहे खेकडा-कोळंबीच्या गणगोतातला. त्याची अळी पुढच्या दोन स्पर्शकांवर अक्षरशः पाय टाकत तळ चाचपत फिरते, आवडलेल्या जागी डोकं टेकवून सिमेंटसारखा चिकट रस सोडते, आणि तिथेच जन्म काढते. होडीच्या तळाला तांबं मिसळलेला रंग लावतात तो यासाठीच. त्यातल्या बऱ्याच रंगांचा वरचा थर वाहत्या पाण्यानं झिजून खालचं ताजं विष उघडं पडावं, अशी योजना असते. होडी हललीच नाही तर थर झिजत नाही आणि बार्नॅकलचं फावतं. इंजिन थंड करणारं पाणी आत घेण्याचं भोकसुद्धा ते बुजवून टाकतात. पाण्यात उतरून खरवडायचं म्हटलं, तर जिथे पोहण्यावरच बंदी तिथे तेही नाही. त्यात न्यूझीलंडचा नियम असा, की येणाऱ्या होडीचा तळ स्वच्छ हवा, नाहीतर परके जीव तिथल्या समुद्रात शिरतील. तो देश २०१८ पासून यावर काटेकोर आहे, आणि त्याचं कारण शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड आहे.

आणि जेवण? शहरातल्यांना वाटतं, गळ टाकला की मासा. फ्रेंच पॉलिनेशियात प्रवाळाच्या खडकांवर एक सूक्ष्म जीव वाढतो. त्याचं नावच गॅम्बियर बेटांवरून पडलंय: गॅम्बियरडिस्कस. त्याचं विष शेवाळ चरणाऱ्या माशांत जातं, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत आणखी साठतं. त्याला चव नाही, वास नाही, शिजवून वा गोठवून ते जात नाही. बाधा झाली की उलट्या-जुलाब, अंगाला मुंग्या, आणि एक विचित्र लक्षण: गार पाणी हाताला भाजल्यासारखं वाटतं. कोणत्या खडकावरचा कोणता मासा चालतो हे तिथल्या कोळ्यांना माहीत असतं, पण टाळेबंदीत त्यांच्याशी बोलणंच तुटलेलं. मग ताज्यासाठी मोड आलेले मूग. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व नावालाच असतं; मोड येताना दाणा ते स्वतः तयार करतो. आपल्या उसळीची महती दर्यावर्द्यांना स्कर्व्हीच्या धास्तीनं कळली.

या सगळ्यावर मात करून राहता येतं, आणि लोक राहिले. ऋतूवर मात्र उपाय नाही. समुद्राचा पृष्ठभाग साधारण २६.५ अंशांच्या वर तापला की चक्रीवादळाला इंधन मिळतं. दक्षिण पॅसिफिकमध्ये हा काळ नोव्हेंबर ते एप्रिल. वादळाला भोवऱ्यासारखं फिरवायला पृथ्वीच्या फिरण्याचा रेटा लागतो, तो विषुववृत्ताजवळ फारच कमी. म्हणून आठ-दहा अंशांवरची मार्केसास बेटं बहुधा वाचतात. बाकीच्या होड्या दरवर्षी टोंगा-फिजी करत ऑक्टोबर-नोव्हेंबरात खाली न्यूझीलंडला सरकतात. आपले कोळी पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तसंच ते सरकणं. पण न्यूझीलंडनं सीमा बंद केली होती आणि वादळाची भीती हे बहुतेक परदेशी होड्यांना आत घेण्याइतकं कारण मानलं नाही. एप्रिल २०२० मध्ये हॅरॉल्ड वादळानं व्हानुआतू आणि फिजी झोडपून काढलं होतं, त्यामुळे भीती पोकळ म्हणता येणार नव्हती. टाळेबंदी चालू असताना वादळ येणं म्हणजे काय, हे ३ जूनला ‘निसर्ग’ अंगावर घेतलेल्या रायगड-रत्नागिरीकरांना सांगायला नको.

वाट काढली ती १८७५ चा गोवर सोसलेल्या फिजीनंच. २०२० च्या मध्यावर त्यांनी होड्यांसाठी ‘ब्लू लेन’ सुरू केली. निघण्याआधीच्या ७२ तासांतली चाचणी निगेटिव्ह हवी. समुद्रात गेलेले दिवस चौदा दिवसांच्या विलगीकरणात धरायचे. उरलेले पोर्ट डेनाराऊला होडीवरच काढायचे, मग पुन्हा चाचणी. दोघांची होडी आणि तीन आठवड्यांचा प्रवास असेल, तर साखळी वाटेतच संपलेली असते, हे साधं गणित नियमात आलं. ज्या समुद्राला बाकीचे देश धोका मानत होते, त्यालाच फिजीनं दवाखान्याचं काम दिलं.

वादळाचं काय, हा प्रश्न मात्र उरलाच. फिजीच्या वुदा मरिनात त्यासाठी जमिनीत लांबट चर खणलेले आहेत. होडीचा जड कणा चरात उतरवतात, पोट जुन्या टायरांच्या गादीवर टेकवतात आणि पट्ट्यांनी जमिनीला जखडतात. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर जोर चौपट. म्हणून होडी जितकी बुटकी बसेल तितकं बरं. त्या डिसेंबरात, १७ तारखेला, ‘यासा’ हे पाचव्या श्रेणीचं वादळ फिजीच्याच व्हानुआ लेवू बेटावर आदळलं. वुदा दुसऱ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे.