मेक्सिकोत पाद्र्यांचे खून : मारणारे कोण आणि कारण काय?

कुठल्याही धर्माच्या धर्मगुरूचा खून झाला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मारणारा कोणत्या धर्माचा? आपल्याकडे तर बातमी पूर्ण वाचायच्या आधीच हा प्रश्न विचारला जातो. मेक्सिकोत मात्र या प्रश्नातून काहीच हाती लागत नाही. २०२० च्या जनगणनेनुसार तिथे शंभरातले सुमारे ७८ लोक कॅथलिक आहेत. म्हणजे मरणारा कॅथलिक आणि मारणाराही बहुधा त्याच समाजातला. तरीही कॅथलिक पाद्र्यांसाठी जगातल्या सर्वात धोकादायक देशांमध्ये मेक्सिकोचं नाव वर्षानुवर्षे घेतलं जातं. २०१२ ते २०१८ या सहा वर्षांत तिथे वीसहून अधिक पाद्री मारले गेले. यातल्या अनेक प्रकरणांत कुणी मारलं आणि कशासाठी मारलं, याचा निकाल आजही लागलेला नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. मेक्सिकोत सरकार आणि चर्च यांचं खरंखुरं युद्ध एकदा झालं होतं. १९२६ ते १९२९ या काळात राष्ट्राध्यक्ष कायेस यांनी चर्चवर कडक निर्बंध घातले, लोकांनी बंड केलं आणि त्यात पाद्रीही मारले गेले. तेव्हाचं कारण उघड होतं. आजचे खून त्या जातीचे नाहीत. आज मध्ये आहे तो ड्रग्जचा धंदा, खंडणी आणि त्यांच्याशी साटंलोटं असलेली सत्ता.

विमानतळावरचा खून

२४ मे १९९३ रोजी ग्वादालाहारा विमानतळाच्या पार्किंगमध्ये कार्डिनल हुआन हेसूस पोसादास ओकाम्पो यांच्यावर गोळीबार झाला. ते या शहराचे आर्चबिशप होते आणि पोपच्या राजदूताला घ्यायला आले होते. त्यांना १४ गोळ्या लागल्या. त्यांच्या ड्रायव्हरसह एकूण सात जण ठार झाले. मारेकऱ्यांपैकी काही जण त्याच विमानतळावरून तिहुआनाचं विमान पकडून आरामात निघून गेले.

सरकारने सांगितलं की तिहुआनाची आरेयानो फेलिक्स टोळी एल चापो गुझमानला मारायला आली होती. चापो त्या वेळी खरोखरच विमानतळावर होता आणि निसटला. कार्डिनल मात्र चकमकीत सापडले, किंवा त्यांच्या पांढऱ्या गाडीमुळे त्यांनाच चापो समजलं गेलं.

चर्चला हे पटलं नाही. अंगावर पाद्र्याचा काळा पोशाख, गळ्यात क्रूस, गोळ्या अगदी जवळून झाडलेल्या. मग चूक झाली कशी? त्यांच्यानंतर आर्चबिशप झालेले हुआन सांदोवाल इन्यिगेस वर्षानुवर्षे सांगत राहिले की हा ठरवून केलेला खून आहे. राजकारणी आणि ड्रग्जवाले यांच्या संबंधांबद्दल कार्डिनलना बरंच माहीत होतं, म्हणून त्यांना संपवलं, असा हा दुसरा तर्क. पुढे आरेयानो बंधू गुपचूप पोपच्या राजदूताला भेटले आणि आपला हात नसल्याचं सांगून आले. देशभर ज्यांचा शोध चालू होता ती माणसं राजदूताच्या दारात पोहोचतात, यावरून त्या व्यवस्थेची हालत समजते. गोळ्या झाडणाऱ्यांपैकी काही पकडले गेले, पण कारणाचा वाद तीस वर्षांनंतरही मिटलेला नाही.

गावातला पाद्री नकोसा का होतो?

कार्डिनलचं प्रकरण मोठं होतं. पण मरणाऱ्यांत जास्त भरणा आहे तो साध्या गावातल्या पाद्र्यांचा. काही खून निव्वळ चोरीसाठी होतात. काही ठिकाणी टोळी दुकानदाराकडून हप्ता घेते तसा चर्चकडेही मागते. काही पाद्री स्थलांतरितांना आसरा देतात, आणि हेच लोक टोळ्यांसाठी कमाईचं साधन असतात. काही जण दोन टोळ्यांत मध्यस्थी करतात, काही प्रवचनात उघड बोलतात. गावात लोक ज्याचं ऐकतात असा माणूस टोळीला नको असतो. त्याला मारलं की अख्खं गाव गप्प बसतं.

कधी कारण याहून क्षुल्लक असतं. २० जून २०२२ रोजी चिवावा राज्यातल्या सेरोकावी गावात एक जखमी गाइड जीव वाचवायला चर्चमध्ये शिरला. टोळीचा म्होरक्या ‘एल चुएको’ याने त्याला आणि दोन वयोवृद्ध जेसुइट पाद्र्यांना, फादर हाविएर कांपोस आणि फादर होआकिन मोरा यांना, तिथेच मारलं. त्याआधी बेसबॉलच्या सामन्यात याच माणसाचा संघ हरला होता आणि तिथूनच हा राडा सुरू झाला, असं तपासात पुढे आलं. एका अमेरिकन पर्यटकाच्या २०१८ मधल्या खुनात तो आधीच हवा होता, तरी त्या भागात उजळ माथ्याने फिरत होता. मार्च २०२३ मध्ये त्याचा मृतदेह सापडला. म्हणजे इथे खुनी माहीत होता, पण तो कोर्टासमोर उभा राहिलाच नाही.

मेलेल्याचीच बदनामी

तपास पुढे सरकत नाही तेव्हा आणखी एक प्रकार होतो. सप्टेंबर २०१६ मध्ये वेराक्रूझमधल्या पोसा रिका इथे दोन पाद्री मारले गेले. सरकारी वकिलांनी लगेच सांगून टाकलं की ते मारेकऱ्यांबरोबर दारू पीत बसले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये गेरेरो राज्यात रस्त्यावर दोन पाद्र्यांना गोळ्या घातल्या, तेव्हा हत्यारबंद माणसांसोबतचा एक फोटो पुढे करून त्यांच्यातल्या एकाचे टोळीशी संबंध असल्याचा संशय पसरवला गेला. दोन्ही वेळा चर्चने या गोष्टी ठामपणे नाकारल्या. पण लोकांच्या मनात एकदा ‘काहीतरी असेल हो’ असं बसलं की तपासाची मागणी आपोआप थंडावते. मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नाही.

२० ऑक्टोबर २०२४ रोजी चियापासमध्ये फादर मार्सेलो पेरेस यांना मिस्सा आटोपून निघताना गोळ्या घातल्या गेल्या. ते त्सोत्सिल या आदिवासी समाजातले होते, हिंसेविरुद्ध मोर्चे काढत होते आणि त्यांना धमक्या येत होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काही दिवसांतच एक संशयित पकडला गेला. पण गोळी झाडणारा हात सापडला म्हणजे खुनाचा उलगडा झाला असं आम्ही मानत नाही. हुकूम कुणाचा होता, फायदा कुणाचा झाला आणि धमक्या माहीत असताना संरक्षण कमी का पडलं, हे प्रश्न उरतातच.

म्हणून अशी बातमी वाचताना दोन गोष्टींपासून सावध राहावं, असं आम्हाला वाटतं. पुराव्याआधी खुनाला धर्माचा रंग देऊ नये आणि पहिल्याच दिवशी आलेलं सरकारी कारण शेवटचं समजू नये. इन्साफ मिळेपर्यंत मेलेल्याच्या बाजूने प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं, मग तो पाद्री असो, मौलाना असो की पुजारी.