मोहाखालची काडी

गोंदिया जिल्ह्यात तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा म्हणजे तलाव, धानाच्या बांध्या आणि पाठीशी नागझिऱ्याचं जंगल. ऐन, धावडा, तेंदू, बीजा यांचं हे पानगळीचं रान फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीवर वाळक्या पानांचा थर अंथरतं. नेमका तेव्हाच मोह फुलतो.

मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा मोकळी केली जाते. आग लावणाऱ्याला जंगल जाळायचं नसतं, त्याला टोपली भरायची असते. पण आग पूर्ण विझली की नाही हे न पाहता माणूस पुढच्या झाडाकडे जातो आणि दुपारचा वारा सुटतो. तेंदूचंही तसंच. जाळल्यावर झुडपांना कोवळी, मोठी पानं फुटतात, या समजुतीने काडी लागते. इथले बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात, हे आधी मान्य करायला हवं.

हा वणवा शेंड्यापर्यंत क्वचितच जातो. तो जमिनीलगत सरपटतो, म्हणून लोकांना किरकोळ वाटतो. पण सागाची, बीजाची वीतभर रोपं त्यातच संपतात. मुळं जिवंत राहिली तर पावसाळ्यात पुन्हा फुटवा येतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोही जळतो. वरून हिरवं दिसणारं जंगल असं आतून म्हातारं होत जातं. पाचोळा गेला की पहिला पाऊस थेट उघड्या मातीवर आदळतो आणि ती माती ओढ्यांवाटे धानाला पाणी देणाऱ्या तलावांत गाळ होऊन उतरते. म्हणजे वणव्याची झळ बांधीतल्या धानालाही लागते.

राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. त्याआधी वनखातं जाळरेषा काढतं. ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून त्यातलं गवत-पाचोळा देखरेखीखाली जाळून टाकतात. पुढे आग तिथवर आली की तिला खायला काही उरत नाही. उपग्रहाला उष्णता टिपता आली की डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून संदेश येतो. पण तो फक्त ठिकाण सांगतो, विझवायला माणसंच जातात, ब्लोअर आणि हिरव्या फांद्या घेऊन. चढावर ज्वाला वरच्या पाचोळ्याला आधीच तापवते, म्हणून आग पळतच वर चढते. वाऱ्याने दिशा बदलली तर माणूस कोंडला जातो. ८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आग विझवताना तीन वनमजुरांचा जीव गेला. मोहाखालची एक काडी किती महाग पडू शकते, हे त्यानंतर तरी कुणाला सांगावं लागू नये.

अभयारण्यात आग लावणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तरी मला जास्त भरवसा खराट्याचा वाटतो. मोहाखालचा पाचोळा झाडून बाजूला करता येतो, किंवा झाडाखाली जाळी बांधली की फुलं मातीला न लागता स्वच्छ मिळतात आणि स्वच्छ फुलाला भावही बरा येतो. तेंदूला आगीची गरजच नाही, झुडपं वेळेवर छाटली की पालवी फुटते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने, वनहक्क मिळाल्यावर, तेंदू तोडणंच थांबवलं, कारण त्यापायी होणारी छाटणी आणि आग त्यांना नको होती. प्रत्येक गावाला हे परवडणार नाही, तेंदूच्या पैशावर घरं चालतात. खराटा मात्र चोरखमाऱ्याच्या प्रत्येक घरात आहे, आणि मार्चच्या पहाटे तो टोपलीसोबत रानात न्यायचा आहे.